हात न लावण्याचं काम

४ मार्च
आजपासून नवं आयुष्य. ताईच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागलो. कॉलेज सुटलं, फोटोग्राफी सुटली, ट्रकवरची क्लीनरगिरी सुटली. हे मात्र धरून ठेवणार. आईनं फोनवर विचारलं, किती दिवस? करून दाखवीन.

४ मार्च, दुपार
काम म्हणजे बाटल्या धुणं. असो. मोठ्या लोकांची सुरुवात अशीच होते.

५ मार्च
ताईनं तिचा विषय समजावला. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा इवलासा तुकडा. पाण्यात विरघळवून स्वस्थ ठेवला की हे तुकडे एकमेकांना धरून आपोआप धागे बनवतात. केसापेक्षा हजारो पट बारीक. त्या धाग्यांच्या जाळ्यात पाणी अडकलं की झाली जेल. कोणी न सांगता लोक रांगेत उभे राहावेत तसं, म्हणाली. असे लोक मी अजून पाहिलेले नाहीत, पण मान डोलावली. जेल झाली हे ओळखायचं कसं? तिनं एक जुनी बाटली सरळ उलटी केली. आतलं खाली आलं नाही. एवढंच? हे तर मलाही येतं.

७ मार्च
ताईनं बाटल्या भरून रॅकवर ठेवल्या. चेहरा उतरलेला. महिनाअखेर जेल दिसली नाही तर विषय बंद, असं तिच्या सरांनी सांगितलंय. म्हणजे तिची तीन वर्षं गेली. ती दिवसभर पलीकडच्या इमारतीत मशिनवर असते. मला म्हणाली, रॅककडे लक्ष ठेव, कोणाचा धक्का लागू देऊ नकोस. संकल्प: लक्ष ठेवणार. न चुकता.

८ मार्च
झाडणाऱ्यालाही रॅकजवळ फिरकू दिलं नाही. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येक बाटली उलटी करून तपासली. पाणीच.

१२ मार्च
पाणी. रस्त्यावर एक जण सायकलच्या चाकाला तारा बसवत होता, बघतच राहिलो. तरी संध्याकाळची तपासणी चुकवली नाही, धावत आलो. व्यायाम, पहाटे उठणं, इंग्रजी, काहीच माझ्याच्यानं आठवडाभर टिकलं नाही. हे टिकतंय. स्वतःचंच कौतुक वाटलं.

१८ मार्च
ताईनं सगळं ओतून दिलं. पाण्यातलं मीठ बदलून पुन्हा भरलं. पेप्टाइडची पावडर आता डब्याच्या तळाला गेली. ताई जेवत नाही. मी म्हणालो, पावडरच खराब असेल. गप्प बसली. बहुतेक पटलं असावं.

२२ मार्च
एक बाटली घट्ट झाल्यासारखी वाटली. खात्री करायला जरा हलवली. पाणी. भास होता. ताईला सांगून उगाच आशा लावली नाही.

२४ मार्च
सर येऊन गेले. दुसरा विषय शोधायला लाग म्हणाले. ताई बराच वेळ बेसिनवर तोंड धूत होती. मला बघवेना. आजपासून दुपारीही तपासणी.

२६ मार्च
ताई अवेळी आली. मी बाटली उलटी धरून उभा. काय करतोयस? तपासतोय. कधीपासून? पहिल्या दिवसापासून, म्हटलं, एकदाही खाडा नाही.
ती स्टुलावर बसली. म्हणाली, "आयुष्यात एक गोष्ट नेमानं केलीस. आणि ती ही?"
मग समजावलं. धागे जुळू लागले की मी दर वेळी ते मोडत होतो. इतकं नाजूक असेल तर बाटलीवर लिहायला हवं होतं, हे माझं मत.

२७ मार्च
खरवडून काढलेल्या पावडरीतून एकच बाटली भरली. लॅबची माझ्याकडची चावी तिनं मागून घेतली. मला घरी जा म्हणाली नाही, आत ये असंही नाही. बाहेरच्या बाकावर बसलो. संकल्प: शांत बसणं.

२७ मार्च, संध्याकाळ
शांत बसणं फार अवघड काम आहे. लोकांना याची कल्पना नसते.

२९ मार्च
बाक. दाराच्या काचेतून बाटली दिसते. बघितल्यानं काही मोडत नसावं. तरी कमीच बघतो.

३१ मार्च
सर आले. ताईनं बाटली उचलली, उलटी केली. आतलं जागचं हललं नाही. सर कितीतरी वेळ बघत राहिले. चालू ठेव, एवढंच म्हणाले आणि गेले. ताई तिथंच उभ्या उभ्या रडायला लागली. मी आत गेलो. पाठीवर हात ठेवावा म्हणून पुढे झालो.
तिनं आधी बाटली दुसऱ्या हातात घेतली.