हिरव्या रेघा

बाई, मुद्दाम मराठीत लिहितेय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण जिवंत असतात तरी यातलं एक अक्षर तुम्हाला कळलं नसतं, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. चौथीत असताना मी इंग्रजीत लिहून दिलं होतं, तेव्हा तरी तुम्ही काय दिवे लावलेत?

तुम्ही आम्हाला टॉल टेल शिकवत होतात. एका घोटात नदी पिणारा गुराखी, ढगाला टोपी अडकवणारी त्याची बायको. अस्सल अमेरिकन विनोद, असं म्हणायचात. थाप आभाळाएवढी मारायची आणि चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. हे तुमच्याच देशाने शोधून काढलं अशी तुमची प्रामाणिक समजूत होती. आमच्या ओळखीच्या एखाद्या काकांना चहाला बोलावलं असतंत, तर तासाभरात भ्रम फिटला असता.

घरातल्या माणसावर टॉल टेल लिहून आणा, म्हणालात. मला थाप सुचेना, म्हणून मी बाबांची खरी गोष्ट लिहिली. आमच्या कुकरची रिंग गेली होती आणि नेब्रास्कातल्या आमच्या गावात ती मिळणं शक्य नव्हतं. बाबा शनिवारी पहाटे निघाले, नऊ तास गाडी चालवून शिकागोला, देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पोचले, रिंग घेतली, एवढं आलोच आहोत तर म्हणून ओळखीच्या चार घरांचं वाणसामान भरलं आणि रविवारी परत आले. तांदळाचं पोतं शेजारच्या सीटवर बसवून त्याला पट्टा बांधला होता. पुढे महिनाभर गाडीला हिंगाचा वास येत होता. आणि शेवटी मी लिहिलं, मला माझ्या बाबांचा फार अभिमान वाटतो.

प्रत्येक अतिशयोक्तीखाली तुम्ही हिरवी रेघ मारायचात, रेघेला एक गुण. नऊ तासांखाली रेघ, पोत्याखाली रेघ, हिंगाखाली तर दोन, तेही हिंग म्हणजे काय ते न विचारता! वर्गात सगळ्यांत जास्त रेघा माझ्या. तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलंत आणि पोरं हसून लोळली. पालकसभेला बाबांचा हात हातात घेऊन म्हणालात, "व्हॉट ॲन इमॅजिनेशन! फॉर अ रबर रिंग!" माझे बाबा, पुलांची गणितं करणारा इंजिनिअर, स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाले, "यस, यस. शी इज व्हेरी फनी." तेव्हा मला तुमची चीड आली होती. आता नुसती कीव येते. गोष्टीतला माणूस समोर उभा होता आणि त्याला एक साधा प्रश्न विचारायचं तुम्हाला सुचलं नाही.

परत येताना गाडीत मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "बाबा, यू शुड हॅव टोल्ड हर!"

"अगं, हसू दे ना त्यांना. पण येताना पंक्चर झालं होतं ते का नाही लिहिलंस? अख्खी डिकी रिकामी करून स्टेपनी काढली होती मी!"

गेल्या महिन्यात बाबांना कायमचं श्रूजबरीला माझ्याकडे आणलं. त्यांच्या पासपोर्टच्या फायलीत तो कागद निघाला. काल त्यांनी तो माझ्या मुलाला वाचून दाखवला.

"नो वे, आजोबा. नाइन अवर्स?"

"वन वे!" बाबा म्हणाले. मग शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

बाई, त्या महिन्यात मी शाळेच्या एक चौक आधीच गाडीतून उतरायचे. मागे वळून बाबांना हातसुद्धा करायचे नाही. फ्रॉकला हिंगाचा वास लागलाय का, ते हुंगत चालायचे. मला त्यांची लाज वाटत होती. त्या अख्ख्या कागदावर थाप एकच होती, चेहऱ्यावरची रेषही न हलवता मारलेली, आणि तुमच्यासारख्या जाणकार बाईंनी नेमकी तीच सोडली. बाबांनीही ती कधी ओळखली नाही.

आता हे पत्र फाडून टाकायला हवं. या घरात मराठी वाचता येणारं माझ्याशिवाय एकच माणूस आहे.