आपल्याच जाळ्यातला गोल

भाऊ, एक सांगायचं राहून गेलं. तुम्ही टीव्हीवर पाहिलेला माझा तो एकुलता एक गोल, जो तुम्ही धाडच्या बाजारात वांग्याच्या ढिगामागं बसून मरेपर्यंत लोकांना सांगितला, तो मी आमच्याच जाळ्यात मारला होता. उलटा. त्या गोलानं आम्ही जिंकलो नाही, हरलो. घ्या, झालं सांगून. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली म्हणून एवढी हिंमत करतोय, नाहीतर बापासमोर खरं बोलायला मी अजूनही दहा वेळा घसा खाकरला असता.

गोव्याच्या क्लबात माझी निवड झाली ती बातमी घेऊन मी आलो, तेव्हा तुम्ही वावरात मेथीच्या जुड्या बांधत बसलेले. मी म्हणतो, भाऊ, फुटबॉल खेळायचा पगार भेटणार. तुम्ही मान वर करत नाही. "कोन देते?" क्लबवाले. "अन् ते काय पिकवतात?" काहीच नाही पिकवत. "मंग देतात कुठून?" ह्याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही आणि बारा वर्षं खेळून निवृत्त झालो तरी नीटसं सापडलेलं नाही. बाजारात कुणी विचारलं की पोरगा काय करते, तर तुमचं उत्तर ठरलेलं: "गोव्याले हाय. लाथा मारते." समोरचा बिचारा पुढं काही न विचारता गुपचूप वांगी निवडायला लागायचा.

मी स्ट्रायकर आहे, म्हणजे पुढं उभं राहून गोल मारायचं माझं काम, हे कळल्यावर तर पारच बिघडलं. सुट्टीत आलो असताना देऊळघाटच्या मैदानावर गावच्या पोरांसोबत खेळलो, ते तुम्ही सायकल थांबवून पाहिलं आणि घरी येऊन आईला म्हणालात, "बाकीचे धावधावून मरून राह्यले, अन् हा बाप्पा तिकडं एकटाच उभा. मले शरम आली." मी समजावलं, भाऊ, चेंडू येईपर्यंत थांबायचं अन् आला की जाळ्यात घालायचा, हेच माझं काम. "म्हंजे पेरलं दुसऱ्यानं, निंदलं दुसऱ्यानं, अन् तू फक्त तोडाले गेला?" मोठमोठ्या कोचांची भाषणं ऐकली मी नंतर, पण स्ट्रायकरचं काम इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नाही. फक्त तुम्ही ते शिवी म्हणून सांगितलं, आणि ती शिवी मला लागली.

म्हणूनच तो घोळ झाला. आईचा फोन आला की आजचा सामना टीव्हीवर दिसणार आहे, भाऊ अंघोळ करून, टोपी घालून बसलेत. मी ठरवलं, आज उभं राहायचंच नाही. सगळ्या मैदानभर धावलो. कोच बाहेरून बोंबलून राहिला, "पुढं थांब, पुढं थांब!" आता त्याला काय सांगू, की बुलढाण्यात एक माणूस पाहतोय म्हणून? शेवटी समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला, म्हणजे कोपऱ्यातून चेंडू आमच्या गोलसमोर येणार. माझं तिथं काही काम नव्हतं. तरी मी आमच्या गोलपाशी मदतीला पळत गेलो, सगळ्यांपेक्षा उंच उडालो, डोकं लावलं, आणि चेंडू थेट आमच्याच जाळ्यात. आमचा गोलकीपर मला कोकणीत जे बोलला ते मी पत्रात लिहू शकत नाही. मी तोंड झाकून खाली बसलो.

घरचं आईनं नंतर सांगितलं. तुम्ही म्हणे उठून उभेच राहिलात. शेजारच्या काकानं विचारलं, गोल मारला तर पोरगा असा काऊन बसला? "लाजून राह्यला. लहानपनापासून लाजाळूच हाय तो." मग पडद्यावर समोरच्या संघाचे नाचायला लागले, तर तुम्ही काकाला म्हणालात, "पाय, दुसऱ्या टीमवालेबी खुश झाले. असं वागनं पाह्यजे मानसाचं!" आणि नेमकी तेव्हाच लाईन गेली. आयुष्यभर आपण विजेवाल्यांना शिव्या घातल्या, त्या दिवशी मात्र शिव्या घालाव्यात की आभार मानावेत, हे मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार. तुमचं बाजारातलं नाव काय होतं हे मी जाणतो. गोड वांगं म्हटलं की गोडच निघणार, कीड असली तर स्वतः काढून बाजूला टाकणार, आणि वरतून एक काडी फुकट देणार नाही. त्या माणसानं त्या दिवशी येईल त्याला मूठभर कोथिंबीर वाटली आणि माझा गोल सांगितला. लोकांनी विश्वास ठेवला, कारण तुम्ही सांगितला होता. गावानं माझा सत्कार ठेवला. मी ठरवून आलो की आधी तुम्हाला खरं सांगायचं, तुमचं बोलणं बाजारात खोटं पडण्याआधी.

सकाळी तुम्ही वांग्याच्या वाफ्यांना पाणी देत होतात. मी बांधावर येऊन उभा राहिलो, तोंड उघडलं, तर तुम्हीच बोलायला लागलात. "मले वाटे तू फुकट उभा रायते. पन पाय, मी तरी काय करून राह्यलो? उभाच हाव ना. वाफा भरते, तवा फावडं माराचं अन् पानी फिरवाचं. घडीभर चुकलं का वाफा फुटला. तुहं कामबी तेच हाय बे. मले उशिरा समजलं." सत्तावीस वर्षांत तुम्ही माझ्या कामाला काम म्हटलं ते पहिल्यांदा. आता सांगा, भाऊ, त्यानंतर मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? संध्याकाळी शाल घेतली, नारळ घेतला, आणि भाषणात आई-वडिलांचे आभार मानून खाली बसलो.

गुडघा गेल्यावर मी गावी परतलो. आता पोरींना खेळ शिकवतो. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकीनं मोबाईलवर तो सामना शोधून काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सर, हा तर तुमच्याच गोलात गेला ना?" मी म्हटलं, हाव, गेला. त्या पोट धरून हसल्या, मीही हसलो, आणि मला वाटलं, सुटलो. तशी बाजारातही जाऊन सांगायची तयारी केली होती. पण आज आई म्हणाली, "भाऊ सांगे तो गोल मोबाईलात हाय म्हंते, दाखव मले." मी लावून दिला. तिनं पदरानं मोबाईल पुसला, चार वेळा पाहिला, आणि म्हणाली, "त्याहीनं किती लोकायले सांगतलं!" मी मोबाईल परत घेऊन खिशात घातला आणि हे पत्र लिहायला बसलो.

हे पत्र पेटीत टाकण्यासाठी नाहीच, घडी करून कपाटात ठेवीन. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की तुमचं मन मोडू नये म्हणून गप्प बसलो. ते खरं नाही, भाऊ. तुम्ही माझं कौतुक केलं होतं, आणि ते मला परत करवलं नाही. अजून करवत नाही.