कमलबाईच्या बांगड्या

३ ऑगस्ट, रविवार
या घरात येऊन आज वर्ष झालं. पाऊस उघडला म्हणून गाद्या उन्हात टाकल्या. पुढच्या खोलीत नवरोबांची शिलाई मशीन सुरू, झंपराचं माप द्यायला दोघी आलेल्या. मागच्या वर्षी याच बायका घरासमोरून जाताना पदर तोंडाशी धरून पाय उचलायच्या. आता माप देता देता चहा मागतात. बरं वाटतं. फार बरं वाटतं, लिहून ठेवते.

घर मिळालं कसं ते आठवून दोघं हसलो. इथल्या शाळेवर बदलीची ऑर्डर घेऊन आले तेव्हा गावभर खोली विचारत फिरले होते. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. गाव ज्याला भुताचं घर म्हणतं त्या या घराचे मालक दिगंबरराव जालन्याला असतात. त्यांनी फोनवर आडनाव विचारलंच नाही. "राहा ना मॅडम, बिलकुल राहा." बुद्धाच्या तसबिरीसाठी खिळा ठोकला तोही पहिल्या फटक्यात बसला. घराचीही हरकत नव्हती म्हणायची.

९ ऑगस्ट, शनिवार
शेजारच्या रुक्मिणमावशी गिरणीवरून येताना टेकल्या. सत्तरी उलटली, पण दळण अजून स्वतःच्याच डोक्यावर. त्या आणि कमलबाई जिवाभावाच्या मैत्रिणी. कमलबाई म्हणजे आमचं 'भूत'. दिगंबररावांची काकू. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, शेत एकटीनं कसायची, तोंडानं फटकळ. वीसेक वर्षांपूर्वी भरदुपारी मागच्या अंगणात रांजणापाशी कुणीतरी डोक्यात घाव घातला. गाव शेतात होतं. पोलीस आले, गेले. कुणी सापडलं नाही. तेव्हापासून दुपारी रांजणापाशी बांगड्या वाजतात म्हणे. मला आजवर इथं फक्त नवरोबांचं घोरणं ऐकू आलंय.

मावशींना विचारलं, कुणी केलं असेल हो? पीठ गरम आहे, पसरायला पाहिजे म्हणत उठल्या.

२१ ऑगस्ट, गुरुवार
चौथीचा अख्खा वर्ग घरी आणला. मॅडम भूत, मॅडम भूत करून जीव खाल्ला होता पोरांनी. अंगण दाखवलं, रांजणात तोंड घालून हाका मारायला लावल्या, मग पोहे. एक पोरगी बशी चाटूनपुसून म्हणाली, भूत असतं तर पोहे उरले नसते. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर. मु.अ. सरांनी पाठ थोपटली. मी दिवसभर हवेत.

३१ ऑगस्ट, रविवार
कौतुक अंगाशी आलं.

दिगंबररावांचा फोन. घराला गिऱ्हाईक लागलंय, गावातलंच. घर पाडून खताचं दुकान काढणार. पुढच्या रविवारी नवराबायको बघायला येतील. "तुमच्यामुळं भीती गेली बघा मॅडम." आभार मानत होते बिचारे.

फोन ठेवला आणि भांडी घासायला बसले. घासलेलीच पुन्हा घासली. परत दारोदार खोली विचारायची, परत आडनाव सांगायचं. नको वाटतं. भाड्याचं असलं म्हणून काय झालं, हे घर माझं आहे. रडले थोडी.

नवरोबांकडे तोडगा तयार. रविवारी एवढंच म्हणायचं, दुपारचं कधीमधी बांगड्या वाजतात. बास. गिऱ्हाईक आपोआप पळेल. "तू गप राह्य, मी सांगतो बराबर." मला हसू फुटलं. मग पोह्याच्या बशा आठवल्या आणि हसू गेलं. पोरांना कोणत्या तोंडानं शिकवू? पण घर... सोमवारपासून विचार करीन.

३ सप्टें., बुधवार
विचार काही झाला नाही. मावशी मुगाच्या शेंगा सोलत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि नवरोबांची युक्ती सांगून टाकली. त्या एक शेंग हातात धरून तशाच बसल्या.

"बांगड्याचं मीच उठवलं व्हतं," म्हणाल्या.

कमलबाईचा तेरावा झाला, गाव कामाला लागलं, कुणी तिचं नाव काढीना. मावशींना झोप लागेना. ज्यानं केलं तो निवांत जेवतोय हे सहन होईना. म्हणून एक दिवस नळावर सांगितलं, रांजणापाशी बांगड्या वाजतात. त्याला तरी भीती वाटावी. मग पाहत बसल्या, या गल्लीनं यायचं कोण टाळतंय. पण झालं भलतंच. सगळं गावच गल्ली टाळायला लागलं. "मंग कळंना बाई, भेतंय कोन आन् लपतंय कोन."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "नवरा गेल्यापसून कमलच्या हातात बांगडी न्हवती. इतक्या वर्षांत एकानं इचारलं न्हाई, बांगड्या आल्या कुठून."

माझी मान खाली. वर्षभर तिच्या घरात राहून मीही विचारलं नव्हतं.

त्यांच्या मनात एक नाव आहे. नुसता संशय, पुरावा नाही. पोलिसांनी तेव्हा बायकांना काही विचारलंच नव्हतं. मला नाव सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. मुठीनं मूग दिले.

७ सप्टें., रविवार
गिऱ्हाईक आलं. खतवाले भाऊ टेप घेऊन भिंती मोजत फिरले. बायको दारातच उभी. अखेर तिनं विचारलं, ताई, काही ऐकू येतं का हो इथं? नवरोबांची मशीन थांबली. माझ्याकडे असे बघत होते की जणू दहावीचा निकाल लागायचाय.

मीच म्हणाले, "आवाज नाही, भूतही नाही. पण मागच्या अंगणात एका बाईचा खून झाला आणि कुणी केला ते अजून सापडलं नाही. एवढं माहीत असू द्या."

भाऊंनी टेप गुंडाळली. बायकोनं हळूच विचारलं, "नाव काय व्हतं त्यांचं?" लग्न होऊन इतकी वर्षं या गावात आहे, पण तिनं फक्त 'ती भुताची' एवढंच ऐकलेलं. कमलबाई, म्हटलं. कळवतो म्हणून गेले.

नवरोबा म्हणाले, माझ्या बांगड्यांनी एका वाक्यात काम झालं असतं. पण चहा त्यांनीच टाकला, आलं घालून. मला फार हलकं वाटत होतं. संध्याकाळी कळलं तेव्हा मावशी तासभर रुसल्या, त्यांचं भूत घालवलं म्हणून.

१४ सप्टें., रविवार
काहीच कळलेलं नाही. घर राहतंय की जातंय... टेंभुर्णीच्या बाजारातून दोन कुंड्या आणल्या. नवरोबा म्हणाले, निघायची वेळ आली आणि तू कुंड्या घेतेस? म्हटलं, कुंड्या नेता येतात. दुपारी भाकरी, ठेचा, गार ताक. अंगणात सतरंजी टाकून झोपले, छान झोप लागली.

१८ सप्टें., गुरुवार
शाळेतून येऊन हातपाय धुतेय तोच दिगंबररावांचा फोन. खतवाले हो म्हणेनात, नाही म्हणेनात. त्यांची बायको म्हणे गावभर कमलबाईची चौकशी करत फिरते, माणूस कशी होती, कुणाशी भांडण होतं का. तुम्ही सांगितलं तरी काय मॅडम? जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. आता घर खाली करा म्हणतील, असं वाटून खाली बसले.

पण त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "काकूचं गावात कोनी काही बोलतं का हो? आमी कधी इचारलंच न्हाई. भ्या वाटलं."

तशीच ओल्या पायांनी शेजारी गेले. म्हटलं, मावशी, कमलबाईंचा पुतण्या आहे फोनवर. विचारतोय. मावशींनी हात पुसले, फोन उलटा धरला, मी सुलटा करून दिला. माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसल्या.

"सांगते," म्हणाल्या. "पर तू उभा हाईस का बसलाईस? आदी बस बाळा."