ब्लोअर बंद ठेवावा

४ जून
आले एकदाची बेंगळुरात, बेळ्ळंदूरला! पहिल्याच दिवशी स्वतःची केबिन मिळाली. आहे तळघरात, खिडकी नाही, पण दारावर पाटी आहे: सुरक्षा अधिकारी. खानापूरला आईला फोटो पाठवला, तर म्हणते, सोसायटीच्या चार टॉवरांची राखण तू एकटी करणार होय? म्हटलं, करते की, त्यात काय!

महांतेशनं सगळं फिरवून दाखवलं. तो इथल्या सांडपाण्याच्या प्लँटवर ऑपरेटर आहे, गदगचा, तोंडाचा भारी बोलका. मी त्याचं कन्नड बोलले तसा खूश झाला आणि लगेच अक्का म्हणायला लागला. संध्याकाळी त्याच्या बायकोनं, भाग्यलक्ष्मीनं, माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली. मजा आहे बुवा एकटीची.

७ जून
आज टाकी बघितली. सगळ्या घरांची घाण जमिनीखालच्या या टाकीत येते. वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, त्यावर लोखंडी झाकण. इंग्रजी फाडणारी ही माणसं संडासात पोरांचे डायपरसुद्धा टाकतात! मग पंप तुंबतो आणि कुणाला तरी आत उतरावं लागतं. उतरण्याआधी ब्लोअरनं ताजी हवा सोडायची, मीटरनं आतला वायू तपासायचा, कमरेला दोर बांधायचा. आणि वर एक माणूस सतत हाक मारत राहणार. आतला ओ देतो, ‘अदीन्री’, म्हणजे आहे मी. ओ आली नाही की ओढायचं.

ब्लोअरवर मात्र कागद चिकटवलाय, ‘ब्लोअर बंद ठेवावा’. का, तर आवाजानं लोकांच्या ऑफिसच्या कॉलमध्ये व्यत्यय येतो. हसावं की रडावं?

११ जून
सोसायटीचे सेक्रेटरी शेषगिरी अण्णांशी ब्लोअरवरून कडाक्याचं भांडले. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेलं मराठी घर, बोलणं साखरेसारखं. म्हणाले, स्वल्प ॲडजस्ट कर गं, आपलीच माणसं आहेत. मी विचारलं, टाकीत उतरणारा आपला नाही का? तेव्हा सहज बोलून गेले की गेल्या वर्षी नरसिंह नावाचा ऑपरेटर आतच गेला. ब्लोअर बंद होता, पण त्याचा काय संबंध, तो तर शेवटपर्यंत ओ देत होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. महांतेशला विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरांच्या मते नरसिंह उतरल्या उतरल्याच गेला होता. वरचे लोक मात्र बराच वेळ हाका मारत होते, ओ येत होती, म्हणून कुणी ओढलंच नाही. मग ओ कोण देत होतं, असं मी म्हटलं, तर तो उठून हात धुवायला गेला.

१५ जून
भर दुपारी घडलं, म्हणून लिहिते. झाकण उघडून मीटर सोडत होते. महांतेश माझ्या शेजारी चहा पीत होता. आत कुणी नाही, चिटपाखरू नाही. आवाज कितपत पोचतो बघू म्हणून मी आत तोंड करून हाक मारली, महांतेश!

खालून ओ आली. ‘अदीन्री, सर.’

मला इथं कुणी सर म्हणत नाही. माझ्या आधीचा अधिकारी पुरुष होता. महांतेशचा चहा सांडला. मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

१६ जून
शेषगिरींना सांगितलं. हसले. म्हणे प्रतिध्वनी. अहो, प्रतिध्वनी काय सर म्हणतो? झाकणाला कुलूप घातलं. ब्लोअर चालू केल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, हे महांतेशला शपथ घालून सांगितलं. तो म्हणाला, अक्का, मला नोकरी हवी आहे.

१९ जून
मेल्यांनो!

मला मीटिंगला वर बोलावलं. तिथं कमिटी नव्हतीच, फक्त चहा-बिस्किटं. धावत खाली आले तर कुलूप फोडलेलं, महांतेश आत, ब्लोअर बंद. वर वॉचमन हाका मारत उभा. मला म्हणाला, काळजी नको मॅडम, ओ देतोय की.

मी ऐकली ती ओ. ‘सर’ म्हणत होती. दोर ओढला. दोघांनी मिळून ओढला. महांतेश बाहेर आला तो निळा पडलेला, डोळे पांढरे, श्वास कुठं तरी तळाशी. मी त्याला जमिनीवर आडवा केला आणि वॉचमन वेड्यासारखा त्याचं नाव घेत राहिला—

आणि खालून ओ येत राहिली.

२० जून, सकाळ
महांतेश आयसीयूत. भाग्यलक्ष्मी तिथंच आहे. देवा, वाचव रे त्याला.

पंप अजून तुंबलेलाच. शेषगिरी म्हणतात, देवनहळ्ळीहून दुसरा माणूस मागवलाय. दुसरा! लाज कशी वाटत नाही?

२० जून, दुपार
झाकणावर बसलेय. उठणार नाही. पोलिसांना फोन केलाय. ते येईपर्यंत लिहितेय.

खाली तो बोलतोय. अदीन्री सर. अदीन्री सर. मी हाक मारलेली नाही.

थांबला.

आता—आवाज वेगळा. तरुण. गदगचा.

‘अदीन्री, अक्का.’

नाही. तो दवाखान्यात आहे. तो तर दवाखान्यात—

‘अक्का, ब्लोअर हच्चरी.’ ब्लोअर लावा म्हणतोय. पुन्हा पुन्हा.

लावला. लावला रे बाबा! फाडला तो कागद. बोंबलू देत सगळ्यांचे कॉल. शेषगिरी जिन्यावरून ओरडत येताहेत, बंद कर म्हणून. या अण्णा, या, तुम्हीच मारा हाक, बघा कोण ओ—

फोन वाजतोय. भाग्यलक्ष्मीचा. मी कसा उचलू, तिला काय सां—