पिंजऱ्यातली भाकरी

पप्पा,

कापशाला घेऊन नगरला निघालेय. दोन दिवस त्यानं तोंडाला काही लावलं नाही. आज भूल देऊन त्याचे वाढलेले दात कापणार आहेत. काल डॉक्टरांनी विचारलं, "हा ससा खातो काय?" मी छातीठोकपणे सांगितलं, गवत. ते म्हणाले, गवत चावलं असतं तर दात झिजले असते. हे वाढून जिभेला रुततायत.

घरी येऊन मी पिंजरा झाडला. गवताची पेंढी जशीच्या तशी, आणि खाली बाजरीच्या भाकरीचे तुकडे! भाकरी या घरात फक्त तुमच्यासाठी होते. तुम्ही म्हणालात, "म्या न्हाई दिली. उंदरानं नेली आसंल." उंदीर भाकरीचे असे सारखे तुकडे मोडून ठेवतो होय?

आधी वाटलं, लाडानं देत असाल. मग बाकीचं आठवत गेलं. तुम्ही आमटी तेवढी भुरकता. घास एकाच गालात फिरवता. लवंगेच्या तेलाची बाटली महिन्यात दुसऱ्यांदा संपली. पायजम्याची नाडीही हल्ली फार आवळावी लागते तुम्हाला.

कुकरमध्ये मऊ खिचडी आहे. भाकरी आज केलीच नाही, म्हणजे लपवायचा प्रश्न नाही. मी चारपर्यंत येते, तयार राहा. दातांच्या डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावलाय.

कापशाला दुखतंय हे सांगता येत नाही, म्हणून उशीर झाला. तुम्हाला येत होतं, पप्पा.

एस्तेर