बदकांवरचे संस्कार

१८ जून २००६, रविवार. कोळवण.
वेदांत लेकीला, स्वरदाला, इथे सोडून गेला. सूनबाईंना, जान्हवीला, सप्टेंबरात दुसरं होणार. तोवर नात माझ्याकडे. चार वर्षांची घोडी, टीव्हीशिवाय जेवत नाही. पावसाळा नीट पार पडला तर पुढे दोन्ही मुलं माझ्याच हाताखाली वाढतील, पाळणाघर नाही, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. वेदांत 'बघू' म्हणाला.
पोरीला जबाबदारी कळावी म्हणून बदकं पाळायची. मी बी.एस्सी. आहे, तेही झूऑलॉजीची.

२१ जून
पौडच्या जोहराबीकडून डझनभर पिल्लं आणली. तिच्याकडे बदकाची अंडी कोंबडीखाली उबवतात. म्हणाली, "ताई, कोंबडीपण घेऊन जा, हिलाच आई समजतात ती." मी साफ नाही म्हटलं. बदकांवर कोंबडीचे संस्कार कशाला?
स्वरदाला नावं ठेवायची होती. मनाई केली. उगाच लळा लागतो.

२२ जून, सकाळ
बदक म्हणजे पाणी. सगळी हौदात सोडली. सुरेख पोहतात. त्यांना कोंबडी लागत नाही हे सिद्ध झालं.

२२ जून, दुपार
जरा डोळा लागला होता. हौदाच्या भिंती उभ्या आहेत, पिल्लांना वर चढता येत नाही. त्यांनी ओरडायला हवं होतं. सात गेली.
स्वरदाला समजावलं: दुबळे जातात, सबळ उरतात. तरी भोकाड. कामवाली रत्नाबाई म्हणते, "दिष्ट लागली बाई, लिंबू उतरवू का?" अडाणी!

८ जुलै
उरलेल्यांना पिसं फुटली. खुराड्याचं दार मी मुद्दाम उघडं ठेवते. कोंडलेल्या जिवाला आत्मविश्वास येत नाही.

९ जुलै
मुंगसानं दोन नेली. मुंगसाला आत्मविश्वास फार.
स्वरदाला अंगणातली पिसं वेचायला लावली. कामात मन रमतं. एका पिसाला ती हळूच 'ढमी' म्हणाली. म्हणजे चोरून नाव ठेवलं होतं! रात्रीचं दूध बंद.

२४ जुलै
तीन बदकं धष्टपुष्ट. स्वरदा त्यांच्या मागेमागे असते. हे माझं यश.
शेजारचा कुशाबा बांधावरून ओरडला, "बाई, खेकडं बांध फोडत्यात. बिळापाशी औषीद घातलेला भात टाकलाय. बदकं हिकडं सोडू नका, मरतील." मला कळतं. माझ्या बदकांनी त्याच्या खाचरातल्या चार गोगलगायी खाल्लेल्या त्याला बघवत नाहीत.

२५ जुलै, सकाळ
भात खेकड्यांसाठी आहे. बदक खेकडा नव्हे. सोडली.
स्वरदा म्हणते, "आजी, कुशाबाआजोबा नको म्हणालेत ना?" मोठ्यांना उलट बोलायचं नाही. कोपऱ्यात उभी केली.

२५ जुलै, संध्याकाळ
तिन्ही बांधावर आडवी. कुशाबा बघून पाठ फिरवून निघून गेला. उद्धटपणा.
स्वरदा अजिबात रडली नाही. महिन्याभरात केवढी सुधारणा!

२८ जुलै
आता सांगेन तिथे बसते. टीव्ही मागत नाही. पाणीसुद्धा मागत नाही. कौतुकानं वेदांतला फोन केला. तर तो संध्याकाळीच गाडी घेऊन हजर! म्हणे, "आई, हे काय करून ठेवलंस?" मी म्हटलं, "शिस्त लावली." स्वरदा आधीच गाडीत जाऊन बसली होती. वक्तशीरपणा माझाच.

२४ सप्टेंबर, रविवार
नांद्याला वेदांतच्या फ्लॅटवर बारसं. नातू झाला. मोठ्या मुलीवर मी केलेलं काम सगळे बघतीलच, पाळणाघराचा विषय आज मिटवायचा, अशा तयारीनं गेले.
बाळ माझ्या मांडीवर द्यायला जान्हवी उठली. एवढ्यात स्वरदा धावत आली आणि आईचा पदर दोन्ही हातांनी ओढला. "आजीकडे नको देऊ गं. आजीकडे दिलं की मरतात."
बायका हसल्या. वेदांत छताकडे बघत राहिला. जान्हवीही हसली, "वेडी आहे," म्हणाली, आणि बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.
मी हात तसेच पुढे धरले होते. मग त्यात कुणीतरी पेढे ठेवले.
पाच वाजताच्या एस.टी.नं परत. पेढे फार गोड.