विक्की नंदनवार याची हजेरी घेण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
परिवीक्षा व पुनर्वसन शाखा,
नागपूर

विषय : परिवीक्षा अधिकाऱ्याचे रिक्त पद तातडीने भरणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

मी या प्रकरणातली फिर्यादी आहे, आरोपीची नातेवाईक नव्हे. हे आधीच लिहिते, कारण आपल्या शाखेत तसा गैरसमज झालेला आहे.

१. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर धरमपेठेत बँकेतून बाहेर पडताना विक्कीने माझी पर्स हिसकली. मी पडले, उजवे मनगट मोडले. त्याला कडक शिक्षा व्हावी, असेच मी न्यायालयात सांगितले होते. तथापि पहिलाच गुन्हा व कोवळे वय पाहून माननीय न्यायालयाने त्याला तुरुंगात न धाडता, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. मला ते मुळीच पटले नव्हते.

२. पटवले ते आपल्या तेव्हाच्या परिवीक्षा अधिकारी श्रीमती रितिका मेश्राम यांनी. त्यांनी त्याला कळमन्यात संत्र्यांच्या अडत्याकडे कामाला लावले, दारू सोडायला लावली आणि एके दिवशी माझी परवानगी घेऊन माझ्या घरी आणले. सोबत त्याची आई तुळसाबाई होती. विक्कीने माझ्या मनगटाकडे पाहिले. मग म्हणाला, "मावशी, हात दुखते काय जी अजून?" मी दुखतो म्हणाले. तो रडला. मी चहा केला. माफ केले असे मात्र त्या दिवशी म्हणवले नाही. पुढे तो येत राहिला. माझे सिलिंडर तोच चढवतो. आता तो आला नाही तर मला चुकल्यासारखे होते.

३. जूनमध्ये मेश्राम बाईंची बदली झाली. त्यांच्या एकटीकडे तीन जिल्हे होते. त्यांच्या जागी कुणीही आले नाही. विक्की हजेरीच्या ठरल्या दिवशी काम बुडवून आपल्या कार्यालयात येतो, कुलूप लावलेल्या खोलीसमोर बसतो आणि परत जातो. हजेरी घेण्याचा अधिकार लिपिकांना नाही. एकदा मी स्वतः त्याच्यासोबत आले. "तुम्ही आरोपीच्या कोण?" असे मला विचारण्यात आले. "त्याने जिची पर्स पळवली, ती मी," असे सांगितल्यावर मला बसायला सांगून पाणी देण्यात आले. हजेरी घेतली गेली नाही.

४. आपल्याकडून अहवाल न गेल्यामुळे, बंधपत्र रद्द का करू नये, अशी न्यायालयाची नोटीस त्याला आली आहे. तेव्हापासून तो कामावर जात नाही. पोलिसांची गाडी दिसली की गल्लीत वळतो. काल संध्याकाळी पिशवी भरून माझा निरोप घ्यायला आला. रायपूरला जातो म्हणाला. पळालास तर खरोखरच गुन्हेगार ठरशील, असे मी त्याला बजावले. त्यावर तो म्हणाला, "मंग काय करू, मावशी? मी येऊन राहिलो, पन कोनी पाहूनच नाही राहिलं. जेलात निदान हजेरी तं लागते."

महोदय, मी त्याची पिशवी काढून घेतली आणि त्याला माझ्याकडेच ठेवून घेतले.

५. सबब विनंती की, नवीन नेमणूक होईपर्यंत प्रभार कुणाकडे तरी द्यावा आणि खरी परिस्थिती न्यायालयाला कळवावी. माझा जबाब घ्यावा. हेही शक्य नसल्यास त्याच्या देखरेखीचा अधिकार मला द्यावा, वेतन नको. मी त्याला सवलत देईन अशी शंका असल्यास कळवते की, हा अर्ज मी त्याने मोडलेल्या हातानेच लिहीत आहे.

विक्की सध्या माझ्याकडेच आहे. सोमवारी सकाळी मी त्याला घेऊन येत आहे. तिथे सरकारी माणूस भेटेल, असा शब्द मी त्याला दिला आहे. सरकारच्या वतीने कुणाला शब्द देण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे.

सोमवारी आपल्या दाराशी येणारी,
यमुना मधुसूदन पांढरीपांडे
धरमपेठ, नागपूर
दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) न्यायालयाच्या नोटिशीची प्रत
२) अडते भैय्याजी यांचे विक्कीच्या वर्तणुकीबाबतचे पत्र